१ योहान ५:७ कुठं गेलं? (फॅमिली ग्रुपवरची रविवारची सकाळ)

जालन्याचे काका: जय ख्रिस्त सर्वांना. आजचं वचन. स्वर्गात साक्ष देणारे तिघं, पिता, शब्द आणि पवित्र आत्मा, आणि हे तिघं एकच. १ योहान ५:७. त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हे बायबलात नाही म्हणणाऱ्यांनी पाठ करून ठेवावं 🙏

मी: जय ख्रिस्त काका. पण आपल्या मराठी बायबलात ही ओळ नाहीच की. आत्ता उघडून बसलोय. तिथं तीन साक्षी आहेत ते आत्मा, पाणी आणि रक्त.

जालन्याचे काका: मोबाइलवरचं असंल तुझं. त्याच्यात काहीबाही गाळतेत.

मी: मोबाइल नाही ओ, आईचं आहे, हळदीचे डागवालं.

परभणीची आत्या: बरोबर म्हणायलाय तो. माझ्यातबी नाही. दादा तुम्ही कशातून टाकलं?

जालन्याचे काका: अण्णांच्या इंग्रजी किंग जेम्स बायबलमधून. थांबा फोटो टाकतो. बघा, लाल बॉलपेननं अधोरेखित केलंय, मागच्या पानावर शाई उमटलीय इतकं दाबून. अण्णा जन्मभर मिशनच्या शाळेत मास्तर होते, ते काय उगीच रेघ मारतील का?

मी: अण्णांचं काही चुकलं नाही काका, त्यांच्या हातात जे होतं ते त्यांनी वाचलं. किंग जेम्स १६११ चं. त्याच्या आधी इरॅस्मस नावाच्या विद्वानानं १५१६ ला ग्रीक नवा करार छापला त्यात ही ओळ नव्हती, कारण त्यानं पाहिलेल्या ग्रीक हस्तलिखितांत ती नव्हतीच, लॅटिनमध्ये होती, मग लोकांनी बोंब मारली की ह्यानं त्रैक्यच काढून टाकलं, आणि १५२२ च्या तिसऱ्या आवृत्तीत त्यानं ती घातली, तिथून ती पुढं इंग्रजीत आली. न्यूटन, तोच सफरचंदवाला, त्यानं १६९० ला याच ओळीवर लांबलचक लिहून तत्त्वज्ञ जॉन लॉकला पाठवलं होतं.

पुण्याचा भाऊ (सेमिनरीवाला, पाळकांच्या शाळेत शिकणारा): ओळ नंतरची आहे हे आम्हालाबी पहिल्याच वर्षी शिकवतात, त्यात नवीन काही नाही. पण त्रैक्य त्या ओळीवर उभंच नाही ना दादा. ३२५ ला निकायाच्या धर्मसभेत यावरून भांडण झालं तेव्हा ती ओळ कुणी काढलीच नव्हती. योहान १:१ घे, मत्तय २८:१९ घे, शिष्य थोमा येशूला "माझा प्रभू व माझा देव" म्हणतो तर येशू त्याला अडवत नाही.

मी: थोमाचं मी मान्य करतो, त्याला माझ्याकडं नीट उत्तर नाही. पण "मी आणि पिता एक आहोत" हे तुम्ही लोक नेहमी काढता ना, तर योहानाच्याच शुभवर्तमानात सतराव्या अध्यायात तोच येशू शिष्यांसाठी मागतो की जसे आपण एक आहोत तसे यांनीबी एक व्हावं. मग शिष्यबी देव झाले का? आणि १४:२८ ला स्वतःच म्हणतो पिता माझ्यापेक्षा थोर.

पुण्याचा भाऊ: ते माणूसपणातलं बोलणं आहे. फिलिप्पै २ वाच, देव असून त्यानं स्वतःला रिक्त केलं, माणूस झाला.

मी: हेच मला खटकतं बघ. मार्क १३:३२ काढ. तो शेवटचा दिवस कुणाला माहीत नाही, स्वर्गातल्या दूतांना नाही, पुत्राला नाही, फक्त पित्याला. पायऱ्या बघ कशा चढत जातात, माणूस, मग दूत, मग पुत्र, मग पिता. आता पुत्राला माणूस म्हणून माहीत नव्हतं पण देव म्हणून माहीत होतं, असं म्हटलं तर पुत्र दूतांच्या वर कशाला ठेवला? माणूस तर दूतांच्या खालीच धरलाय. आणि पवित्र आत्म्याला तरी माहीत होतं का, त्याचं नावच नाही तिथं. ही फोड आपण नंतर घातली, वचनात नाही. मी चर्च सोडत नाहीये कुणी घाबरू नका, एवढंच म्हणतोय की कळत नाही ते कळत नाही म्हणायला काय हरकत आहे.

जालन्याचे काका: हरकत अशी की आपण बेथेलकडची माणसं. नारायण शेषाद्रींनी १८४३ ला बाप्तिस्मा घेतला, घरदार तुटलं, पुढं निजामाच्या राज्यात येऊन जालन्याजवळ ही बेथेल वस्ती उभी केली. ते काय तुझ्या शंका ऐकायला?

परभणीची आत्या: दादा असं नका बोलू पोराला. पंडिता रमाबाईंनी १८८३ ला इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला तरी त्रैक्यावरून तिथल्या सिस्टरांशी पत्रं लिहून लिहून भांडल्या, कुणी सांगितलं म्हणून मानलं नाही. आणि त्याच बाईनं पुढं केडगावात बसून हिब्रू-ग्रीक शिकून सगळं बायबल मराठीत आणलं. शंका होती म्हणून काय विश्वास कमी पडला का त्यांचा

परभणीची आत्या: थांबा नळ आलाय आठ दिवसानं, भांडी भरून येते. माझी वाट बघू नका, भांडा.

पुण्याचा भाऊ: दादा मार्कचं मी सरांना विचारतो. पाठ केलेलं उत्तर देत नाही तुला.

मी: तेवढं केलंस तरी बास.

जालन्याचे काका: मार्क १३:३२ काढलं अण्णांच्या पुस्तकात. त्यांनी तिथं काही रेघ मारलेली नाही. पुढच्या रविवारी ये जेवायला, मटण आणतो. आईचं बायबल आण सोबत, माझा चष्मा बारीक अक्षराला चालंना.