पुळणीवरच्या काटेरी गवताला मराठीत काय म्हणायचं?

नेरूळहून प्रश्न:
मे महिन्यात वेंगुर्ल्याला गेले होते. पुळण संपून वाळू वर चढत जाते तिथे ताठ, टोकदार पातीचं गवत पसरलेलं. त्याचे डोक्याएवढे काटेरी गोळे वाऱ्यावर गडगडत होते. एक घरी आणला. गॅलरीत वारा आला की अजून सरकतो. सोसायटीतल्या मुलांसाठी त्यावर मराठीत लिहिते आहे. शास्त्रीय नाव स्पिनिफेक्स लिटोरियस. मराठी नाव काय लिहू? आणि ‘सँड ड्यून’ला ‘वालुकागिरी’ चालेल?

ठाण्याहून उत्तर:
ताई, ‘वालुकागिरी’ नको. तो भूगोलाच्या पुस्तकातला. वाचला की मुलांसमोर राजस्थानच येईल. ‘पुळणीवरची वाळूची टेकडी’ म्हणा. ‘पुळण’ तुम्ही सहज लिहिलात, त्याचा फार आनंद झाला. संस्कृत ‘पुलिन’शी नातं सांगणारा हा शब्द ठाणे खाडीकाठी क्वचितच कानावर पडतो. इथे चिखल आणि कांदळवन, त्यामुळे तोंडात ‘खाजण’ बसलेलं.

गवताला तमिळमध्ये ‘रावणन मीसै’, म्हणजे रावणाची मिशी म्हणतात. पात एकदा पोटरीला टोचली की नाव पटतं! ‘रावणाच्या मिशा’ खुशाल लिहा, फक्त तमिळवरून घेतल्याचं सांगा. लिनियसने १७७१ मध्ये दिलेल्या ‘स्पिनिफेक्स’चा अर्थही ‘काटे करणारा’ असाच. फोटो शोधताना मात्र जपा. ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातल्या ज्या गवताला तिथे स्पिनिफेक्स म्हणतात, ते ट्रायोडिया, वेगळंच.

आणि गोळ्याला ‘फळ’ लिहू नका. तो मादी झाडाचा अख्खा फुलोरा. पिकला की देठापासून सुटतो, गडगडत जातो आणि वाटेत बी टाकतो. नर झाडं वेगळी असतात, त्यांना असा गोळा धरत नाही.

घणसोलीहून:
याला मर्यादवेल म्हणतात ना?

ठाण्याहून:
नाही दादा. मर्यादवेल म्हणजे जांभळ्या फुलांची, शेळीच्या खुरासारख्या पानांची वेल. दोन्ही शेजारी वाढतात, दोन्ही वाळू धरून ठेवतात, म्हणून घोटाळा होतो. समुद्राची मर्यादा जिथे, तिथे ती वेल; किती नेमकं नाव!

नेरूळहून:
मग पहिली ओळ अशी लिहिते: ‘पुळणीच्या वर, मर्यादवेलीच्या शेजारी, रावणाच्या मिशा नावाचं गवत पेरापेराला मुळं सोडत वाळूवर पसरतं.’ ‘पेर’ मुलांना कळेल ना?

ठाण्याहून:
उसाचं पेर दाखवा, लगेच कळेल.