जुन्या इंग्लिश प्रवचनांतली वचनं किंग जेम्स बायबलशी जुळत का नाहीत?

टिळकवाडीकर:
एमए इंग्लिशच्या सेमिनारला मला जॉन डन आणि लॅन्सलॉट अँड्र्यूज या जुन्या इंग्लिश धर्मोपदेशकांची प्रवचनं आलीत. डन १६२१ ला लंडनच्या सेंट पॉल चर्चचा डीन (तिथला मुख्य धर्मगुरू) झाला, म्हणजे राजा जेम्सच्या हुकमानं झालेलं १६११ चं इंग्लिश भाषांतर, किंग जेम्स बायबल, तोवर दहा वर्षं जुनं, मग वचनं त्यातलीच असणार म्हणून ताडून बघायला बसलो तर बरीच जुळतच नाहीत की. कुठं शब्द वेगळे, कुठं मध्येच लॅटिन. गाईडमध्ये यावर एक ओळ नाही. हे लोक चुकत होते की छापणाऱ्यानं घोळ घातला?

खानापूरचा वाचक:
चुकत नव्हते हो. आपल्याकडं कीर्तनात बुवा प्रमाण देतात तेव्हा गाथा उघडून बघतात काय? कानात बसलेलं तोंडात येतं. तसंच हे. बायबलमधलं २३ वं स्तोत्र घ्या, किंग जेम्समध्ये 'आय शॅल नॉट वाँट', पण चर्चच्या प्रार्थनापुस्तकात कव्हरडेल नावाच्या भाषांतरकाराचं जुनं भाषांतर, त्यात 'देअरफोर कॅन आय लॅक नथिंग'. चर्चमध्ये रोज कानावर पडायचं ते हे दुसरं, मग प्रवचनात तेच येणार. आणि शिकलेल्या माणसाच्या डोक्यात व्हल्गेट, म्हणजे जुनं लॅटिन बायबल, आधीपासून बसलेलं असायचं. त्यात शोधताना एक बघा, स्तोत्रांचे नंबर बहुतेक ठिकाणी एकानं मागं आहेत, आपलं २३ तिथं २२.
अँड्र्यूजचं १६२२ च्या नाताळचं प्रवचन वाचाच, राजा जेम्ससमोर केलेलं. तारा बघून बाळ येशूला भेटायला आलेल्या पूर्वेकडच्या ज्ञानी लोकांचा प्रसंग, त्यातली 'विडिमस', 'वेनिमस' ही दोनच लॅटिन क्रियापदं पकडतो, पाहिलं आणि आलो. आणि म्हणतो आपण असतो तर फार तर 'वेनिएमस', म्हणजे येऊ की, बघू! भर थंडीत दरबाऱ्यांना टोमणा, आणि तोही शास्त्रातल्याच शब्दाचा काळ बदलून. इथं वचन पुराव्याला आणलेलं नाही, त्याच्यावरच सगळा खेळ चाललाय.

निपाणीकर:
हे दरबारातलं झालं, सगळ्यांना ते लागू करू नका. केंब्रिजचा विल्यम पर्किन्स प्युरिटन, म्हणजे चर्चमध्ये कडक सुधारणा मागणाऱ्यांतला, प्रवचन कसं करावं यावर त्याचं पुस्तकच आहे, लॅटिनमध्ये १५९२, इंग्लिशमध्ये १६०७. तो सांगतो अभ्यास भरपूर करा पण लोकांसमोर ग्रीक-लॅटिन मिरवू नका. या मंडळींचा भर अध्याय आणि वचन सांगण्यावर, ऐकणारा लिहून घेणार आणि घरी जाऊन पडताळणार. ते जमलं कशामुळं तर १५६० च्या जिनिव्हा बायबल या किंग जेम्सच्या आधीच्या भाषांतरामुळं, वचनांना नंबर घातलेलं ते पहिलं अख्खं इंग्लिश बायबल. त्यामुळं आधी जिनिव्हाशी ताडून बघा. किंग जेम्स आलं म्हणून जिनिव्हा एका रात्रीत कुणी टाकून दिलं नाही. अँड्र्यूज तर किंग जेम्सच्या भाषांतरकारांतलाच, तरी त्याची वचनं कितीदा दुसरीकडची.

टिळकवाडीकर:
स्वतः केलेलं भाषांतर स्वतःच वापरत नाही? कमाल आहे 😄

निपाणीकर:
त्याहून मजा सांगतो, किंग जेम्सला माइल्स स्मिथनं लिहिलेली प्रस्तावना आहे ना, त्यातलीसुद्धा वचनं बरीचशी जिनिव्हाची आहेत.

टिळकवाडीकर:
हे पहिल्या स्लाइडलाच घालतो. फक्त सर 'लॅटिन वाचून दाखव' म्हणाले तर पंचाईत, उच्चार कुणाला येतात काय इथं?

खानापूरचा वाचक:
आत्मविश्वासानं वाचा, सरांनाही येत नसतील.