टेराहर्ट्झ स्पंदाने क्वांटम वेलची दीप्ती विझते की पेटते?

पवईकर_विद्यार्थी:
एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी गॅलियम आर्सेनाइड या अर्धवाहकाच्या क्वांटम वेलविषयी (इलेक्ट्रॉनांना कोंडून ठेवणारा अतिशय पातळ थर) वाचत आहे. १ टेराहर्ट्झच्या फोटॉनची ऊर्जा जेमतेम ४ मिलीइलेक्ट्रॉनव्होल्ट, तर पदार्थाचा ऊर्जाअंतराल (बांधलेला इलेक्ट्रॉन मोकळा करायला लागणारी किमान ऊर्जा) सुमारे १.५ इलेक्ट्रॉनव्होल्ट. तरीही तीव्र स्पंदाने एके ठिकाणी दीप्ती (नमुन्यातून बाहेर पडणारा प्रकाश) घटल्याचे आणि दुसऱ्या ठिकाणी नमुना आपणहून चमकल्याचे वाचले. दोन्ही खरे कसे?

कुलाबा_प्रकाशिकी:
नमुन्यात आधीपासून काय आहे, यावर ते ठरते. लेझरने अगोदर एक्सायटॉन, म्हणजे इलेक्ट्रॉन आणि होल (इलेक्ट्रॉनची रिकामी जागा) यांच्या बांधलेल्या जोड्या, निर्माण केलेले असतील, तर त्यांची बंधनऊर्जा साधारण १० मिलीइलेक्ट्रॉनव्होल्ट असल्यामुळे १एस (सर्वांत खालची अवस्था) ते २पी (तिच्या वरची अवस्था) हे संक्रमण नेमके टेराहर्ट्झच्या टप्प्यात येते. स्पंद त्यांना २पी अवस्थेत ढकलतो, जिथून प्रकाश बाहेर पडणे निषिद्ध आहे, किंवा त्यांना फोडून इलेक्ट्रॉन-होल तापवतो. स्पंद पिकोसेकंदभराचा असतो, पण दीप्ती शेकडो पिकोसेकंद रेंगाळते. म्हणून कालालेखात आधी खाच दिसते आणि वाहक (हे इलेक्ट्रॉन-होल) थंड होताच आलेख पुन्हा वर चढतो. बरीचशी दीप्ती नष्ट होत नाही, केवळ लांबणीवर पडते.

जुना_प्रयोगवाला:
वरील उत्तर मान्य, पण आपणहून चमकण्यासाठी फोटॉन मोजणे सोडून विद्युतक्षेत्र पाहावे लागेल. क्योतो विद्यापीठातील गटाने २०११ मध्ये सेंटीमीटरला १० लाख व्होल्ट इतक्या क्षेत्राचा स्पंद गॅलियम आर्सेनाइडच्या क्वांटम वेलवर सोडला, तेव्हा लेझरचा आधार नसतानाही एक्सायटॉनची दीप्ती दिसली. मोजके मुक्त इलेक्ट्रॉन क्षेत्रात इतके वेग घेतात की धडकेने नवी इलेक्ट्रॉन-होल जोडी सुटते, तीही पुढे धडकते. वाहकांची संख्या सुमारे हजारपट झाली, म्हणजे दहा वेळा दुप्पट, आणि तेही पिकोसेकंदात. मला तरी हा आकडा पहिल्यांदा वाचताना छपाईची चूक वाटला होता.

पवईकर_विद्यार्थी:
म्हणजे क्षेत्र कमी असेल तर खाच, आणि पुरेसे प्रबळ असेल तर नवी दीप्ती?

कुलाबा_प्रकाशिकी:
ढोबळमानाने होय, मात्र लेझर आणि टेराहर्ट्झ एकाच वेळी नमुन्यावर असतील, तर तिसरीच गोष्ट घडू शकते: क्षेत्र इलेक्ट्रॉन-होलला दूर नेऊन पुन्हा एकमेकांवर आदळवते आणि लेझरच्या वारंवारतेपासून टेराहर्ट्झच्या सम पटींच्या अंतरावर पार्श्वरेषा (वर्णपटात बाजूला दिसणाऱ्या नव्या रेषा) उमटतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा शाखेत २०१२ मध्ये हे दाखवले गेले.

जुना_प्रयोगवाला:
प्रत्यक्ष मोजणार असाल, तर किरणमार्गाची पेटी कोरड्या नायट्रोजनने भरा. जुलैतल्या मुंबईच्या हवेत पाण्याची वाफ १.१ आणि १.६७ टेराहर्ट्झजवळचा भाग गिळून टाकते. आम्ही एका पावसाळ्यात आठवडाभर वर्णपटातील खड्डे नमुन्याचे समजून मोजत बसलो होतो.