सिरपची तीव्रता बदलली तर मिलिलिटर किती द्यावे?

प्रश्न : शिकाऊ फार्मासिस्ट, कुडाळ

नमस्कार. डी.फार्म. झाल्यावर मी सध्या कुडाळजवळच्या एका मेडिकलमध्ये प्रशिक्षण घेत आहे. गेल्या आठवड्यात पावसामुळे माल दोन दिवस वाटेत अडकला होता, त्या वेळी एक बाई आपल्या अकरा किलो वजनाच्या मुलासाठी चिठ्ठी घेऊन आल्या. चिठ्ठीवर ‘पॅरासिटामॉल सिरप ५ मिली, दिवसातून तीन वेळा’ एवढेच लिहिलेले होते. त्या नेहमी नेतात ते ५ मिलीत १२० मिलिग्रॅमचे सिरप संपले होते आणि फडताळात ५ मिलीत २५० मिलिग्रॅमचेच उरले होते. मी त्या बाटलीवर ‘५ मिली’ असे लिहायला घेतले, तेवढ्यात मालकांनी मला थांबवले, डॉक्टरांना फोन लावला आणि ‘अडीच मिली’ लिहायला सांगितले. गर्दीमुळे कारण विचारता आले नाही. घरी येऊन मी किलोमागे १५ मिलिग्रॅम धरून हिशेब केला, तर १६५ मिलिग्रॅम म्हणजे ३.३ मिली आले. मग अडीच बरोबर, की ३.३?

उत्तर : मेडिकल चालवणारा, चिपळूण

ताई, आपले गणित चुकलेले नाही, पण आपण वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर काढले आहे. पॅरासिटामॉलची एका वेळची मात्रा किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम असते, म्हणजे या मुलासाठी ११० ते १६५ मिलिग्रॅम. ३.३ मिली ही त्यातली वरची कड झाली. डॉक्टरांच्या मनात मात्र नेहमीचे सिरप होते, म्हणजे त्यांना १२० मिलिग्रॅम द्यायचे होते. नव्या बाटलीत एका मिलीत ५० मिलिग्रॅम औषध आहे, त्यामुळे १२० भागिले ५० केल्यास २.४ मिली येतात, आणि मापाच्या झाकणावर खूण असते ती अडीचची. अडीच मिलीत १२५ मिलिग्रॅम, म्हणजे किलोमागे साधारण ११.४ मिलिग्रॅम जातात, जे मर्यादेत बसते. कमाल मात्रा शोधून काढणे हे काउंटरवरचे काम नव्हे. लिहून देणाऱ्याला अभिप्रेत असलेली मात्राच दुसऱ्या बाटलीतून पोहोचवायची असते, आणि चिठ्ठीवर तीव्रता नसेल तर ती मनाने ठरवायची नसते. मालकांनी फोन लावला तो त्यासाठीच.

आपण लिहिणार होता ते ५ मिली गेले असते, तर एका वेळी २५० मिलिग्रॅम, म्हणजे किलोमागे २२.७ मिलिग्रॅम झाले असते. तीन वेळचे मिळून ७५० मिलिग्रॅम होतात, म्हणजे किलोमागे ६८, आणि चोवीस तासांची मर्यादा ६० ची आहे. एखाद्या वेळी घडले तर निभावून जाईल, पण ताप चार दिवस राहिला तर यकृतावर बेतू शकते. तान्ह्या बाळांचे ड्रॉप्स तर याहून जपून द्यावेत. त्यात एका मिलीत १०० मिलिग्रॅम असतात, त्यामुळे सिरप समजून कोणी ५ मिली पाजले तर थेट ५०० मिलिग्रॅम पोटात जातात.

माझी सवय सांगतो. चिठ्ठीवर मिली दिसले की मी आधी कोपऱ्यात पेन्सिलीने त्याचे मिलिग्रॅम करतो, त्याखाली वजन लिहितो आणि मगच बाटलीला हात लावतो.

उत्तर : औषधनिर्माण अधिकारी, रायगड जिल्हा

वरील उत्तराशी सहमत आहे. प्रत्येक पायरीवर आकड्याबरोबर एकक लिहिणे किती गरजेचे आहे, एवढेच जोडतो. आमच्याकडे भातकापणीच्या दिवसांत आणि चिऱ्याचे गडगे उपसताना विंचूदंशाचे रुग्ण येतात. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी ज्या प्राझोसिनचा उपयोग १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडला, त्याची मुलांची मात्रा किलोमागे ३० मायक्रोग्रॅम आहे. बारा किलोच्या मुलाला ३६० मायक्रोग्रॅम, म्हणजे ०.३६ मिलिग्रॅम, म्हणजे एक मिलिग्रॅमच्या साध्या गोळीचा तिसऱ्या हिश्श्याहून थोडा मोठा तुकडा. हे औषध डॉक्टरांच्या देखरेखीखालीच देतात, पण साठा आणि हिशेब आपल्याकडे असतो. येथे ‘मायक्रो’ऐवजी ‘मिली’ वाचले गेले तर चूक हजारपट होते. म्हणून दशांश चिन्हाआधी शून्य लिहावाच, कारण ‘.३६’ मधला टिंब कार्बन कॉपीवर उमटतोच असे नाही. उलट पूर्ण आकड्यापुढे ‘१.०’ असे लिहू नये. तेथे टिंब पुसला गेला की दहा होतात.

उत्तर : फार्मसी महाविद्यालयातील शिक्षिका, रत्नागिरी

गणित सुटले तरी माप चुकते, ही बाजू राहून गेली. एके वर्षी मी विद्यार्थ्यांना घरचा ‘औषधाचा चमचा’ आणायला सांगितले आणि सिरिंजने त्यात पाणी भरायला लावले. कोणाच्या चमच्यात तीन मिली मावले, कोणाच्या सात. लोणच्याच्या बरणीतला चमचा आणणाऱ्या मुलाला वर्ग अजून हसतो. अडीच मिलीसारख्या मात्रेला सुई नसलेली सिरिंज द्यावी, तिच्यावर शाईने रेघ मारावी आणि पालकांकडून एकदा आपल्यासमोर पाणी ओढून घ्यावे.

कोरड्या सिरपचेही असेच आहे. ३० मिलीच्या बाटलीत ३० मिली पाणी ओतायचे नसते, कारण पावडर स्वतःही जागा व्यापते. पावडर चार मिली जागा घेत असेल, तर २६ मिलीच पाणी लागते. उकळून गार केलेले पाणी थोडे घालून बाटली हलवावी आणि मग खुणेपर्यंत भरावे. गळ्यापर्यंत भरलेल्या बाटलीतून प्रत्येक वेळी पातळ, म्हणजे कमी मात्रा जाते, आणि ही चूक कोणाच्या लक्षातही येत नाही.

पुन्हा : शिकाऊ फार्मासिस्ट, कुडाळ

सर्वांचे आभार. २.४ आणि ३.३ मधला गोंधळ मिटला. आज त्या बाई दुसऱ्या औषधासाठी आल्या, तेव्हा मी मापाविषयी विचारले. अडीच मिली त्या बरोबर देत होत्या, परंतु मालकांनी मध्येच विचारले, ‘वहिनी, जुनी बाटली घरात आहे काय?’ ती होती, निम्मी भरलेली, त्याच फळीवर, आणि रात्री सासूबाई कोणत्या बाटलीतून किती देतात हे त्यांना ठाऊक नव्हते. जुन्या बाटलीतले अडीच मिली म्हणजे ६० मिलिग्रॅम आणि नव्या बाटलीतले पाच म्हणजे २५०, हे त्यांना कागदावर लिहून दिले. उद्या त्या जुनी बाटली दुकानात आणून देणार आहेत.