मदत हवी आहे: खिशातल्या मोबाईलने गोळी अडते का?

परभणीहून विचारतोय. लेकरू नववीत आहे, विज्ञान प्रदर्शनाला हाच विषय धरून बसलंय. 2007 मध्ये इराकमधल्या एका अमेरिकन सैनिकाच्या आयपॉडचा फोटो फिरला होता, गोळीने पार वाकलेला. 2022 ला युक्रेनमधला मोबाईलही तसाच. आमचे मामा फौजेतून रिटायर, ते हसले. म्हणे, गोळी अडवते ती जाकिटातली प्लेट, मोबाईल नुसता मधे येतो! मलाही पटतं. एके-47 ची गोळी सेकंदाला 700 मीटरच्या वर सुटते, ऊर्जा 2000 ज्यूलच्या आसपास. काच अन् पातळ पत्रा तिला किती रोखणार? लांबून दमून आली तर गोष्ट वेगळी.

हे बिनधोक दाखवायचं कसं? जुना मोबाईल ठोकायचा बेत मी हाणून पाडला, बॅटरी पेटते. ओल्या मातीवर पुठ्ठ्याचे थर ठेवून वरून गोट्या टाकल्या तर जमेल का?