मदत हवी आहे : पोरांना रात्रभर पोलीस ठाण्यात बसवतात, तक्रार कुठं करायची? आणि बजेटमधून दिवे-अभ्यासिका कशी मिळवायची?

नमस्कार मंडळी. कोल्हापूर शहराच्या कडेच्या एका वसाहतीतून लिहितेय. वसाहतीचं आणि पोलीस ठाण्याचं नाव मुद्दाम देत नाही, पोरांना आणखी त्रास नको. कायद्यातलं आणि महापालिकेच्या कारभारातलं ज्यांना कळतं त्यांनी वाट दाखवावी.

आमच्याकडची पोरं रात्री समाजमंदिराच्या कट्ट्यावर बसतात. बरीचशी एमआयडीसीतली सेकंड शिफ्ट करून आलेली. घरं एका खोलीची, दुसरीकडं बसणार कुठं? गाडी येते, दोघा-तिघांना उचलते आणि पहाटेपर्यंत ठाण्यात बसवून ठेवते. कोठडीत घालत नाहीत. जिन्याखाली एक बाक आहे, त्याच्यावर, मोबाईल काढून घेऊन. सकाळी कोऱ्या कागदावर सही घेतात आणि "जावा आता" म्हणतात. आई विचारायला गेली तर ठाणे अंमलदाराचं उत्तर ठरलेलं : "अटक कुठं केलीय? चौकशीला आणलंय." गणपती किंवा निवडणूक जवळ आली की पुन्हा याच नावांवर चॅप्टर केस, म्हणजे शांतता राखण्याचा बाँड लिहून घ्यायची प्रतिबंधक कारवाई.

परवा त्यात एक सतरा वर्षांचा पोरगा होता, बारावीचा. दुसऱ्या दिवशी त्याची प्रॅक्टिकल होती. पोरगा परीक्षेला गेला, पण गालावर वळ घेऊन. त्यानंतर आम्ही बचत गटाच्या बायकांनी ठरवलं, आता गप्प बसायचं नाही.

एक स्पष्ट सांगते, आमचा पोलिसांना विरोध नाही. वसाहतीत चोऱ्या होतात, दारू पिऊन मारामाऱ्या होतात, तेव्हा आम्हीच त्यांना फोन करतो. पूर्वी एक बीट अंमलदार होते, त्यांना गल्लीतलं प्रत्येक पोरगं नावानिशी माहीत होतं. एक आवाज दिला की कट्टा रिकामा व्हायचा. तसे पोलीस आम्हाला हवेत.

आता 'उपाय' म्हणून चौकात आणखी कॅमेरे बसवायचं चाललंय. पण मागच्या गल्लीतले दिवे बंद आहेत आणि बायकांना शौचालयाला अंधारातून जावं लागतं. अभ्यासिकेची खोली बांधून कुलूपबंद पडलीय. एक पोरगा म्हणतो, परदेशात लोक पोलिसांचा पैसा कमी करून वस्तीच्या कामांना द्या अशी मागणी करतात, आपणही करू. ते आपल्याकडं चालतं का? आणि ठाण्यातल्या कॅमेऱ्याचं त्या रात्रीचं फुटेज आम्हाला मिळू शकतं का?

प्रतिसाद : जिल्हा न्यायालयात वकिली करतो

ताई, बाकी सगळं नंतर, आधी फुटेज. सर्वोच्च न्यायालयानं परमवीर सिंग सैनी प्रकरणात 2 डिसेंबर 2020 ला सांगितलंय की प्रत्येक ठाण्यात दारापासून कोठडी, व्हरांड्यापर्यंत कॅमेरे हवेत, आवाजासकट. रेकॉर्डिंग 18 महिने ठेवायचं, यंत्राची तेवढी क्षमता नसेल तरी 1 वर्षाच्या खाली नाही. जबाबदारी ठाणे प्रभारीची. तुमचा जिन्याखालचा बाक त्यात दिसलाच पाहिजे. म्हणून आजच पोलीस अधीक्षकांना एका पानाचं पत्र द्या : अमुक तारीख, अमुक वेळ, या वेळेतलं फुटेज जपून ठेवा. प्रतीवर पोच घ्या, शिक्का आणि आवक क्रमांकासह. नंतर "फुटेज राहिलं नाही" म्हणाले तर हाच कागद उपयोगी पडतो.

माहिती अधिकारातही अर्ज टाका, पण फुटेज नाकारायला त्या कायद्यातलं कलम 8 (माहिती न देण्याच्या सवलती) पुढं करतात, हे धरून चाला. त्यापेक्षा त्या रात्रीची स्टेशन डायरी मागा. नोंद नसेल तर तोच पुरावा. आपल्या राज्याच्या नियमाप्रमाणं अर्ज एका विषयाचा आणि साधारण 150 शब्दांत बसवा. 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील.

"चौकशीला आणलंय" ही पळवाट आहे. माणसाला उठून जाता येत नसेल तर ते ताब्यात घेणंच झालं. चौकशीलाच बोलवायचं असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम 35(3) ची लेखी नोटीस आहे. सतरा वर्षांच्या पोराचं तर सरळच आहे. 2015 च्या बाल न्याय कायद्यात अशा मुलाची जबाबदारी बालकल्याण पोलीस अधिकाऱ्याकडं द्यायची असते. त्याला सीपीआरला, म्हणजे सरकारी दवाखान्यात नेलं होतं का? नसेल तर वळांचे फोटो जपून ठेवा, ज्यांनी पाहिलं त्यांचे जबाब लिहून घ्या.

तक्रारीची स्वतंत्र जागाही आहे. पोलीस सुधारणांबद्दलचा सर्वोच्च न्यायालयाचा प्रकाश सिंग निकाल 2006 चा. त्यानंतर 2014 मध्ये महाराष्ट्र पोलीस कायद्यात दुरुस्ती होऊन राज्य आणि विभागीय पातळीवर पोलीस तक्रार प्राधिकरण आलं. कोल्हापूर पुणे विभागात येतं. पद्धत न पाळता ताब्यात ठेवणं तिथं तक्रारीचा विषय होतो. आणि कुठंच दाद लागली नाही तर उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच ऑगस्ट 2025 पासून इथंच आहे, मुंबईच्या खेपा वाचल्या. कोऱ्या कागदावर मात्र कुणीही सही करू नका, घरोघरी सांगा.

प्रतिसाद : टोल आंदोलनापासून महापालिकेत जाणं-येणं आहे

अक्का, ती परदेशातली मागणी इथं जशीच्या तशी बसत नाही. तिकडं बऱ्याच शहरांत पोलीस नगरपालिकेच्या पैशावर चालतात. आपल्याकडं पगार राज्याचं गृह खातं देतं, महापालिकेच्या बजेटमध्ये पोलीस नाहीतच. कॅमेऱ्याचा पैसा बहुतेक जिल्हा नियोजन समितीतून किंवा आमदार निधीतून येतो. आधी तुमच्या चौकाच्या कॅमेऱ्याचं हेड कुठलं, म्हणजे पैसा कुठल्या खात्यातून येतो, ते शोधा. त्याच निधीतून दिवे मागता येतात.

दिवे, शौचालय, अभ्यासिका हे महापालिकेचं काम. बजेट फेब्रुवारी-मार्चमध्ये मांडतात, पण कामांची यादी त्याच्या कितीतरी आधी विभागीय कार्यालयातून वर जाते. दिवाळीच्या सुमारास उपशहर अभियंत्यांच्या टेबलावर निवेदन हवं, त्यावर खांबांचे नंबर हवेत. "दिवे लावा" म्हणून भागत नाही. कुठला खांब, किती दिवस बंद, हे लिहा. पुण्यात 2006 पासून नागरिक प्रभागातली कामं फॉर्म भरून सुचवतात, एका कामाला 5 लाखांची मर्यादा. तो फॉर्म निवेदनाला जोडा आणि इथंही चालू करा म्हणा. महापालिका कायद्यात क्षेत्रसभेची, म्हणजे भागातल्या मतदारांच्या सभेची तरतूद आहे, तीही लेखी मागा. 2020 च्या नोव्हेंबरात आपल्या महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली, त्यानंतर कित्येक वर्षं प्रशासकच होता, लोकांची विचारायची सवय मोडली. ती पुन्हा लावायला हवी. आणि कुलूपबंद खोलीला नवा निधी लागतच नाही. चावी कुणाकडं आहे ते विचारा, महिला मंडळाला चालवायला मागा.

धागाकर्ती

दादा, दोघांचेही मनापासून आभार. फुटेजचं पत्र उद्याच देतोय, पोराच्या आईच्या सहीनं. तिची तयारी आहे, आम्ही सगळ्या बरोबर जाणार. खांबांचे नंबर पोरंच लिहून आणणार आहेत. खोलीची चावी एका माजी पदाधिकाऱ्याच्या घरात आहे म्हणे, तिथं रविवारी जाऊ. विभागीय प्राधिकरणाकडं केलेल्या तक्रारीचा नमुना कुणाकडं असेल तर नाव-गाव खोडून इथं टाकाल का? प्रतिज्ञापत्र जोडावं लागतं का, आणि पोराच्या वतीनं ते आईनं करायचं का, तेही सांगा.