क्लबहाऊसची चावी कोणाकडे आहे?

बी-१०२ देशपांडे काका (रात्री ११:५२): सर्व सभासदांना नमस्कार. बी विंगच्या पार्किंगमध्ये आजही आपल्या तरुण मंडळींचा कट्टा भरलेला आहे. "एनिमी आला, एनिमी आला, मार त्याला" अशी आरडाओरड चालू आहे. माझ्या खिडकीखाली रोज रात्री कोणता एनिमी येतो ते मला आजवर कळलेलं नाही. परीक्षा संपल्या म्हणजे सगळंच संपलं असं होत नाही. पालकांनी कृपया दखल घ्यावी. 🙏

सी-३०३ बागुल वहिनी: काका, कोणाचे पालक ते स्पष्ट सांगा ना. सगळ्या ग्रुपला का ऐकवताय?

देशपांडे काका: मी कोणाचंही नाव घेतलेलं नाही. ज्याचं त्याला कळतं.

ए-१०३ मनोज बोरस्ते: काका, एनिमी म्हणजे वॉचमन असेल. तो राउंडला येतो ना 😂

सी-१०१ निकम भाऊ: क्लबहाऊसची चावी कोणाकडे आहे?

ए-५०१ आहेर सेक्रेटरी: काकांची तक्रार योग्य आहे. दहानंतर पार्किंगमध्ये आवाज नको हा नियम मागच्या एजीएममध्येच ठरलाय. मुलांनी कृपया घरी जावं. बाकीचं उद्या बोलू, आता सगळे झोपूया. शुभ रात्री.

बागुल वहिनी: झोपते, पण आधी एक सांगते. मागच्या श्रावणात पोरांनी ढोलाचा सराव सुरू केला, तो बंद पाडला. क्रिकेट खेळले तर खैरनारांच्या गाडीचा आरसा फुटला म्हणून क्रिकेट बंद. टाकीचं झाकण उघडं असतं म्हणून टेरेसला कुलूप. झाकण बसवायचं सोडून कुलूप लावलं हे विशेष. आता एका जागी बसलेत तर तेही नको. पोरांनी करायचं तरी काय?

ए-२०४ खैरनार ट्रेझरर: आरशाचा विषय निघालाच आहे तर सांगतो, त्याचे पैसे मला अजून मिळालेले नाहीत.

बागुल वहिनी: चेंडू कोणाच्या बॅटने लागला ते आधी ठरू द्या.

बोरस्ते: थर्ड अंपायरकडे द्या 😂

आहेर सेक्रेटरी: शुभ रात्री 🙏🙏

(दुसऱ्या दिवशी सकाळी)

बी-३०१ जाधव सर: सुप्रभात. काल रात्रीची चर्चा वाचून वाईट वाटलं. नाशिकच्या मातीतली मुलं बघा. सावरपाड्याची कविता राऊत, २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्य. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ, २०१६ ला रिओ ऑलिम्पिकमध्ये नौकानयन. यांना कोणी क्लबहाऊस दिलं होतं? ज्याला करायचं असतं तो करतोच. मोबाइल बाजूला ठेवा, मार्ग आपोआप दिसेल.

बी-४०४ ओंकार: सर, आदर आहेच, पण दत्तू भोकनळ रोइंग शिकला तो सैन्यात गेल्यावर. तिथे त्याला बोट मिळाली, पाणी मिळालं, कोच मिळाला. आम्हाला कॅरमचा स्ट्रायकर मिळत नाहीये.

बोरस्ते: विदित गुजराथीपण नाशिकचाच. त्याचा बुद्धिबळाचा पट कोणी कुलपात ठेवला असता तर २०२४ ला बुडापेस्टच्या ऑलिम्पियाडमध्ये भारताच्या सुवर्णसंघात कोण बसलं असतं, खैरनार साहेब?

खैरनार: माझा काय संबंध? कॅरम आणि बुद्धिबळाची खरेदी माझ्या काळात झाली, बिलं फाइलला आहेत. स्ट्रायकर हरवला तो मागच्या कमिटीच्या काळात.

निकम भाऊ: क्लबहाऊसची चावी कोणाकडे आहे?

जाधव सर: ओंकार, कोच मिळाला हे खरं, पण तो आधी घराबाहेर पडला होता. तुझं रोजचं वेळापत्रक काय रे? दुपारी बाराला उठणे.

ओंकार: सर, साडेअकरा.

ए-४०३ डॉ. पगार मॅडम: मला वेगळीच काळजी आहे. ही मुलं पार्किंगमध्ये बसतात ते एका अर्थी बरं, डोळ्यांसमोर असतात. काल लिफ्टमध्ये दोघांचं बोलणं ऐकलं, गंगापूर धरणाच्या बाजूला पोहायला जायचं चाललं होतं. उन्हाळ्यात दरवर्षी पेपरला बातम्या येतात. वरून पाणी शांत दिसतं, खाली गाळ, आणि काठापासून थोडं पुढे गेलं की एकदम खोल. पोहायचंच असेल तर महापालिकेच्या तलावावर पास काढा, जीवरक्षक असतो. सकाळच्या बॅचला मी स्वतः येते, दोघांना गाडीत बसवेन. ज्यांच्याबद्दल बोलतेय त्यांना कळलं असेल.

सी-४०१ महाले ताई: कोण जाणार होतं धरणावर??? आमचा होता का???

पगार मॅडम: पर्सनलवर बोलते.

महाले ताई: म्हणजे आमचाच.

बोरस्ते: 🙈

आहेर सेक्रेटरी: जाधव सरांच्या मुद्द्याशी मी सहमत आहे. माझी सूचना अशी की येत्या रविवारी मुलांची नांदूर मध्यमेश्वरला पक्षी निरीक्षणाची सहल काढू. महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे, २०२० मध्ये जाहीर झालं. निफाड तालुक्यात, गोदावरी-कादवा संगमावर. बस मी ठरवतो.

बागुल वहिनी: मी वेदांत. आईच्या फोनवरून. सेक्रेटरी काका, मे महिन्यात तिथे काय बघणार? बाहेरून येणारी बदकं, चक्रवाक वगैरे हिवाळ्यात येतात, आता परत गेली. डिसेंबर-जानेवारीत जाऊ. आणि पक्षी बघायला लांब कशाला जायचं, सी विंगच्या मीटररूमबाहेर लोंबकळणाऱ्या जुन्या केबलला शिंजिराने घरटं केलंय. दुधी भोपळ्याएवढं नाही, छोटंसंच. कोळ्याच्या जाळ्याने बांधलंय, बाहेरून सालपटं, कागदाचे कपटे चिकटवलेत, त्यात वेफर्सच्या पाकिटाचा चंदेरी तुकडापण आहे. तोंड बाजूला, वर छोटी पडवी. मादी एकटीच बांधते आणि एकटीच अंडी उबवते. नर नुसता चमकत फिरतो. काल सफाईवाले मामा ते झाडूने काढत होते, मी थांबवलं. प्लीज कोणी काढू नका.

सी-४०२ सायली: वेदांत 👏

पगार मॅडम: शाब्बास. नर नुसता चमकत फिरतो हे वाक्य मी फ्रेम करून लावणार आहे.

बोरस्ते: मॅडम, आमचा विषय कुठे आला मध्ये 😂

खैरनार: ती लोंबकळणारी केबल मागच्या कमिटीने ठेवलेली आहे.

निकम भाऊ: केबल सोडा, क्लबहाऊसची चावी कोणाकडे आहे?

देशपांडे काका: माझी मूळ तक्रार आवाजाची होती. ती पक्ष्यांवर गेली. रात्री साडेअकराला शिंजीर ओरडत नाही.

जाधव सर: देशपांडे साहेब, बरोबर. म्हणून म्हणतो, मुलांना वाचनाकडे वळवा. १८४० पासून चालू असलेलं सार्वजनिक वाचनालय आपल्या गावात आहे. सध्या गोदाघाटावर वसंत व्याख्यानमालाही असते, संध्याकाळी, गार हवा, फुकट. किती मुलं गेली?

सायली: सर, सावानात, म्हणजे त्याच सार्वजनिक वाचनालयात, मी जाते. आणि सगळ्यांना एक सांगते, रागावू नका. पार्किंगमध्ये जे बसतात त्यातले चौघं बीजीएमआय हा मोबाइलवरचा शूटिंग गेम खेळतात हे खरं आहे, काकांची झोप मोडते हेही खरं. पण मी, ओंकार आणि महाले काकूंची रिया तिथे ब्राह्मी लिपी शिकतो. मी शिकवते, म्हणजे मला जेवढी येते तेवढी. माझ्याकडे नाशिकच्या पांडवलेण्यातल्या शिलालेखांचे फोटो आहेत. "क" म्हणजे जवळजवळ अधिकचं चिन्ह, "ठ" म्हणजे नुसतं वर्तुळ, एवढं कळलं की पोरांना वेड लागतं. घरी बसलो की टीव्ही, म्हणून खाली बसतो.

देशपांडे काका: ब्राह्मी? रात्री अकरा वाजता?

ओंकार: काका, शप्पथ. ओरडणारे दुसरे. मी दोन्हीकडे असतो.

बागुल वहिनी: हा दोन्हीकडे असतो हे मात्र खरं.

खैरनार: असल्या लिपीचा उपयोग काय पण? करिअरच्या दृष्टीने?

सायली: काका, तुमच्याच उपयोगाचं आहे. दहा नंबरच्या लेण्यात नहपान राजाच्या जावयाचा, उषवदाताचा लेख आहे. साधारण १९०० वर्षांपूर्वीचा. त्याने लेण्यातल्या भिक्षूंसाठी ३००० कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, कायमची ठेव म्हणून ठेवली. कुठे ठेवली? गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे त्यांच्या संघांकडे. २००० एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक व्याजाने आणि १००० दुसरीकडे पाऊण टक्क्याने. आणि स्पष्ट लिहिलंय की मुद्दल परत घ्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. त्या व्याजातून भिक्षूंना कपडे वगैरे. गोवर्धन म्हणजे आपलं सोमेश्वरच्या पुढचं गोवर्धन.

बोरस्ते: दरमहा शेकडा एक म्हणजे वर्षाला बारा टक्के! खैरनार साहेब, आपला सिंकिंग फंड कितीने ठेवलाय? 😂😂

खैरनार: राष्ट्रीयीकृत बँकेत आहे. सुरक्षितता महत्त्वाची.

पगार मॅडम: त्याने दगडात कोरून ठेवलं. आपला हिशोब एजीएमला मागितला तर पेन ड्राइव्ह सापडत नाही.

खैरनार: मॅडम, हे अनावश्यक होतं.

आहेर सेक्रेटरी: वैयक्तिक टिप्पणी टाळूया 🙏

महाले ताई: आमची रिया ब्राह्मी शिकते? मला म्हणाली होती की मेंदीची डिझाइन काढतेय वहीत.

निकम भाऊ: क्लबहाऊसची चावी कोणाकडे आहे? मुलं आत बसली तर काकांनाही त्रास नाही, पोरांनाही जागा. एवढं साधं कोणालाच का कळत नाही? मी कालपासून विचारतोय. त्याआधी मार्चमध्ये विचारलं होतं. त्याआधी दिवाळीत.

आहेर सेक्रेटरी: निकम भाऊ, चावी ऑफिसात आहे. पण आत बिल्डरने सोडलेल्या टाइल्सची खोकी आहेत, गणपतीचा मखर आहे आणि बोरस्ते साहेबांचा जुना सोफा आहे.

बोरस्ते: तो सोफा मी सोसायटीला देणगी दिलेला आहे.

बागुल वहिनी: देणगी की अडगळ?

बोरस्ते: वहिनी, स्प्रिंगचा सोफा आहे, आता मिळत नाही.

ओंकार: टाइल्स आम्ही हलवतो. आजच. कुठे ठेवायच्या तेवढं सांगा.

खैरनार: जनरेटर रूममध्ये. मोजून ठेवा. एकही फुटता कामा नये.

निकम भाऊ: शेवटी 🙏

देशपांडे काका: क्लबहाऊस उघडायला माझी हरकत नाही. अट एकच, रात्री दहाला कुलूप. आणि एनिमी आत ठेवावा, खिडक्या बंद करून.

आहेर सेक्रेटरी: मान्य. संध्याकाळी ५ ते १०. चावीची वही ठेवू, घेणाऱ्याने सही करायची.

जाधव सर: सायली, रविवारी मला त्या लेखाजवळ घेऊन जाशील? पस्तीस वर्षं इतिहास शिकवला, पोरांना घेऊन तिथे सहलीही काढल्या, पण गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईचा, गौतमी बलश्रीचा लेख दाखवायचो आणि खाली उतरायचो. व्याजाचं हे वाचलेलं नाही.

सायली: नक्की सर! बलश्रीचा लेख तीन नंबरच्या लेण्यात आहे, तोही बघू. रविवारी सकाळी जाऊ, ऊन चढायच्या आत. लेणी २४ आहेत, सगळी एका दिवशी करायची नाहीत. १५ वर्षांखालच्यांना तिकीट नाही. पाण्याची बाटली, टोपी. भिंतींना हात लावायचा नाही, कोणी नाव कोरताना दिसलं तर मी तिथेच परत पाठवेन. वेदांत, दुर्बीण आण, वर कड्याला घारी असतात.

पगार मॅडम: मी आणि माझी लेक. दोन.

महाले ताई: रिया आणि मी. आणि आमचा पोहणारा पण येणारे, त्याला विचारलेलं नाही.

बोरस्ते: उतरल्यावर मिसळ. पापड आणि दही वेगळं सांगू नका, येतंच.

देशपांडे काका: पायऱ्या किती आहेत?

सायली: बऱ्याच आहेत काका, पण बांधलेल्या आहेत. थांबत थांबत चढू.

देशपांडे काका: विचारलं नुसतं.

आहेर सेक्रेटरी: छान. गाड्यांचं बघा, चारचाकी तीन पुरतील बहुतेक.

खैरनार: पेट्रोल ज्याचं त्याने. सोसायटीच्या खात्यातून एक रुपया निघणार नाही, आधीच सांगून ठेवतो.